एकतारी रंग

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे, हा जगाचा रिवाज. आमच्याकडे तो गेली काही वर्षे उलटा झाला आहे. भावाचे गुडघे माझ्या घराचे तीन जिने चढू देत नाहीत. तेव्हा मीच डब्यात अनारसे भरून माहेरी जाते, त्याच्याच घरच्या पाटावर त्याला बसवते आणि ओवाळून येते.

गेल्या दिवाळीत अशीच गेले, तर दिवाणखान्यात वडिलांच्या तसबिरीशेजारी एक नवे चित्र टांगलेले दिसले. चांगले चार फूट रुंद. त्यात ना माणूस, ना झाड, ना देव. पांढऱ्या कापडावर काळ्या, निळ्या आणि हळदीसारख्या पिवळ्या रंगाच्या धारा एकमेकींवरून धावत सुटलेल्या, आणि मधूनमधून शिंतोडे. सगळी मंडळी जमलेली होती. मला राहवले नाही. मी म्हटले, "घर रंगवून झाल्यावर रंगाऱ्याने हात इथे झटकले की काय?" सगळे खो खो हसले. भाचा म्हणाला, "आत्या, अशा चित्राला अमेरिकेत कोट्यवधी रुपये पडतात. पॉलॉकची पद्धत आहे ही. ॲक्रिलिक रंग घ्यायचा आणि वरून ओतायचा!" मग कोट्यवधी रुपयांवरून आणखी थोडे हसणे झाले. भाच्याची मुलगी तेवढी पानावरून उठून आत गेली. चौदा वर्षांची पोर. तिचे खाणे असेही चिमणीचे, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

संध्याकाळी ताटे विसळताना वहिनी हळूच म्हणाली, "अहो वन्सं, ते तिनेच केलंय. मे महिन्याच्या सुटीत, गच्चीवर."

मला ते आधी कोणी सांगितले नव्हते, हे खरे. पण हसण्यापूर्वी विचारायला मला कोणी बंदी केली नव्हती. मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. आधी पुरावा पाहावा आणि मग तोंड उघडावे, असे हजारो मुलांना बजावले. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीपुढे, पुरावा भिंतीवर टांगलेला असताना मी तोंड आधी उघडले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून गेले वर्षभर मी या धारांचा इतिहास वाचत आहे. मध्यंतरी मुलीकडे न्यू जर्सीला जाणे झाले, तेव्हा काही गोष्टी डोळ्यांनीही पाहून आले. जे हाती लागले ते इथे मांडते.

पहिली गोष्ट अशी की भाच्याचे विधान अर्धे चूक होते. पद्धत पॉलॉकची खरी. पण ज्या चित्रांनी जॅक्सन पॉलॉकचे नाव झाले, ती ॲक्रिलिकची नव्हेत. ती प्रामुख्याने एनॅमलची आहेत, म्हणजे आपण दारे-खिडक्यांना देतो त्या जातीच्या डब्यातल्या रंगाची. ही बारीकसारीक बाब वाटेल. पण याच बारीकसारीक बाबीवर पुढे कोट्यवधी डॉलरची फसवणूक उघडकीस आली, म्हणून ती लक्षात ठेवावी.

पॉलॉकचा जन्म १९१२ सालचा, वायोमिंग संस्थानातल्या कोडी गावचा. पाच भावांतला शेंडेफळ. १९३० साली तो न्यूयॉर्कला आला आणि टॉमस हार्ट बेंटन यांच्या हाताखाली रीतसर चित्रकला शिकला. बेंटन हे शेतकरी, मजूर, गावचे रस्ते रंगवणारे गृहस्थ. म्हणजे ओतप्रोत 'दिसणारी' चित्रे काढणारे. पुढे १९३६ साली मेक्सिकोचे प्रसिद्ध भित्तिचित्रकार सिकेरोस यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोगशाळा काढली. तिथे मोटारींना मारायचा रंग आणायचा, कापड जमिनीवर पसरायचे, रंग ओतायचा, उडवायचा, ओघळू द्यायचा, असे प्रकार चालत. चोवीस वर्षांचा पॉलॉक त्या कामगारांत होता. तेव्हा आपला नायक एका सकाळी उठला आणि त्याने डबा लवंडला, अशी जी कथा सांगतात ती कथाच समजावी. डबा लवंडण्याआधी अकरा वर्षे तो ही विद्या पाहत होता.

दुसरे एक बीज अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे आहे. नाव्हाहो लोकांत आजाऱ्यासाठी विधी करताना रंगीत वाळू चिमटीतून जमिनीवर सोडून चित्र काढतात, आणि विधी संपला की ते मोडून टाकतात. १९४१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकन इंडियन कलेचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात हे वाळूचित्र काढून दाखवले गेले. जमिनीवर चित्र काढताना आपली नाळ या वाळूच्या चित्रकारांशी जुळते, असे पॉलॉकने पुढे स्वतःच लिहिले आहे. आपल्यातल्या कुठल्याही बाईला यात नवल वाटू नये. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून रांगोळी सुटते तेव्हा बोटे जमिनीला टेकत नाहीत; रेघ हवेत ठरते आणि खाली उमटते. मात्र नाव्हाहोंचे चित्र आणि आपली रांगोळी दोन्ही पुसण्यासाठीच जन्मतात. पॉलॉकला न पुसणारी रेघ हवी होती. त्यासाठी ओला रंग हवा होता, आणि तो बोटभर नव्हे, डबाभर हवा होता.

१९४५ साली पॉलॉकने ली क्रॅसनर या चित्रकर्तीशी लग्न केले आणि जोडपे न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या खेड्यात राहायला गेले. घर ५,००० डॉलरचे. त्यातले २,००० डॉलर पेगी गुगेनहाइम या धनिक बाईंनी उसने दिले. घरामागे एक लाकडी कोठार होते. त्यात ना वीज, ना शेकोटी. त्या कोठाराच्या जमिनीवर कॅनव्हास अंथरून १९४७ साली पॉलॉकने धारांची पहिली चित्रे केली. काठी, वाळून टणक झालेला ब्रश, स्वयंपाकघरातली पिचकारी, जे हाती लागेल ते. एका चित्रात तर खिळे, टाचण्या, बटणे, किल्ली, सिगारेटी असा सगळा खिसा रिकामा केलेला आहे. क्रॅसनर मात्र घरात, वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत रंगवत बसे. कोठार नवऱ्याला आणि खोली बायकोला, ही वाटणी आपल्याला परकी वाटू नये.

मी ते कोठार पाहिले. आता तिथे स्मारक आहे. दाराशी बूट काढायला लावतात आणि पायांत मऊ सपाता देतात. मनात म्हटले, चला, देवळाची सवय इथे उपयोगी पडली. आत भिंतींवर पाहण्यासारखे फारसे नाही. पाहायचे ते पायाखाली. १९५३ साली पॉलॉकने थंडीपासून बचाव म्हणून ही जमीन दाबलेल्या लाकडाच्या फळ्यांनी झाकली होती. त्याच्या आणि क्रॅसनरच्या पश्चात त्या फळ्या उचलल्या, तेव्हा खाली त्या सहा वर्षांतल्या साऱ्या चित्रांच्या कडा जशाच्या तशा निघाल्या. कॅनव्हासच्या बाहेर गेलेला प्रत्येक फटकारा तिथे आहे. लग्नघरच्या मांडवातून भोजने उठल्यावर पत्रावळी कुठे मांडल्या होत्या ते जमिनीवरून कळते ना, तसे. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या लक्षात आले की कॅनव्हासबाहेर गेलेला रंग फार कमी आहे. सतरा-सतरा फुटांच्या कापडावर वरून धार सोडणारा माणूस कडेला आला की हात आवरत होता. रंगाऱ्याने हात झटकले असते तर जमीन अशी दिसली नसती.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचे 'ऑटम ऱ्हिदम' हे १९५० सालचे चित्र आहे. पावणेनऊ फूट उंच, सव्वासतरा फूट लांब. समोरच्या बाकावर मी अर्धा तास बसले. चित्र आवडले का, असे मला विचारू नका. मी अजून त्याच्या पायरीवर आहे. पण एक गोष्ट दिसली आणि ती माझ्या क्षेत्रातली होती. काळ्या धारा कुठे दोऱ्याइतक्या बारीक, कुठे करंगळीएवढ्या जाड. पण त्या तुटत नाहीत. हातभर, दोन हात, वळण घेऊन पुन्हा उलट, तरी अखंड. हे पाहताना मला आमच्या आईचे स्वयंपाकघर आठवले. रव्याच्या लाडवांचा पाक चुलीवर असे. आई त्यातला थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन बोटे विलग करी. तार आली की पातेले खाली. तार येण्याआधी उतरवला तर लाडू बसायचे, उशिरा उतरवला तर दगड. पॉलॉकचा रंग एकतारी होता!

मला वाटले, ही आपली बायकी उपमा. पण घरी येऊन वाचले, तर शास्त्रज्ञांनी याच गोष्टीवर निबंध लिहिले आहेत. चमच्यातून मध उंचावरून सोडला की खाली त्याची दोरीसारखी वेटोळी पडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हार्वर्डचे एल. महादेवन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २०११ साली पॉलॉकच्या धारांचा याच अंगाने विचार केला. पुढे २०१९ साली रोबेर्तो झेनित या द्रवशास्त्रज्ञाने पॉलॉकच्या जुन्या चित्रफितीवरून त्याच्या हाताची गती आणि उंची मोजली, तसा हात यंत्राने हलवून पाहिला, आणि अनुमान काढले की पॉलॉक ही वेटोळी पडू देत नव्हता. रंग केवढा दाट आहे, हात किती उंच आहे आणि किती वेगाने जातो आहे, या तिन्हींचा मेळ असा बसवलेला होता की धार सरळ निजावी. त्याने समीकरणे मांडली नव्हती. आईने तरी कुठे मांडली होती?

ही चित्रफीत हान्स नामुथ या छायाचित्रकाराने काढली. १९५० च्या उन्हाळ्यात त्याने कोठारात येऊन पॉलॉकची पाचशेहून अधिक छायाचित्रे घेतली. त्याआधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, 'लाइफ' साप्ताहिकाने हा अमेरिकेतला सर्वश्रेष्ठ जिवंत चित्रकार आहे काय, असा प्रश्न छापून त्याला घरोघरी पोचवले होते. नामुथने पुढे त्याला काचेवर रंगवायला लावून खालून चित्रण केले. ते काम १९५० च्या नोव्हेंबरात संपले, त्या संध्याकाळी दोन वर्षे दारूला न शिवलेल्या पॉलॉकने पेला उचलला. पुढची हकीगत सरळ आणि वाईट आहे. चित्रे कमी होत गेली. ११ ऑगस्ट १९५६ रोजी दारूच्या नशेत चालवलेली त्याची मोटार घराजवळच उलटली. तो गेला, आणि गाडीतली एक तरुण मुलगीही गेली, जिचा या साऱ्याशी काही संबंध नव्हता. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

आता मी एका बाईंची ओळख करून देते. ती माझ्या वाचनात आली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडी स्वस्थ बसले होते. जॅनेट सोबेल. युक्रेनमध्ये जन्मलेल्या, १९०८ साली अमेरिकेत आलेल्या, पाच मुलांच्या आई. ब्रुकलिनला राहत. चाळिशी उलटेपर्यंत हातात ब्रश धरला नव्हता. मुलगा चित्रकला शिकत होता; त्याच्या सामानावर आईचा हात चालला आणि चालतच राहिला. घरचा धंदा खोट्या दागिन्यांचा. त्यासाठीचे एनॅमल घरात असे. या बाई जमिनीवर पोटावर निजून, काचेच्या नळीतून एनॅमल ठिबकवीत, फुंकीत, ओघळवीत चित्रे करू लागल्या. त्यांचे 'मिल्की वे' हे चित्र १९४५ सालचे आहे; म्हणजे पॉलॉकच्या कोठारातल्या धारांच्या दोन वर्षे आधीचे. पेगी गुगेनहाइमच्या दालनात त्यांची चित्रे लागली होती. पॉलॉकचे मोठे पाठीराखे समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी पुढे १९६१ साली लिहून ठेवले आहे की आपण आणि पॉलॉक यांनी ती चित्रे मिळून पाहिली होती आणि आपल्यावर त्यांचा ठसा उमटल्याचे पॉलॉकने कबूल केले होते. पण त्याच लेखनात या बाईंचा उल्लेख करताना त्या गृहिणी असल्याची आठवण करून द्यायला ते विसरले नाहीत. १९४६ साली सोबेलबाई न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डला राहायला गेल्या, न्यूयॉर्कच्या चित्रजगताशी संबंध तुटला, आणि १९६८ साली त्या वारल्या तेव्हा जगाला त्यांची आठवण उरली नव्हती. आता 'मिल्की वे' म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रही आहे. माझ्या मुलीच्या घरापासून प्लेनफील्ड फार लांब नाही. आम्ही त्या गावावरून मोटारीने गेलो. पाहण्यासारखे काही नव्हते, तरी मी काच खाली केली.

मग ॲक्रिलिक आले कुठून? त्याचीही कुळकथा गमतीची आहे. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ॲक्रिलिक द्रव्यांवर प्रबंध लिहिला. पण पोटासाठी त्याने १९०७ साली ओटो हास या भागीदाराबरोबर जी कंपनी काढली, तिचा पहिला माल चामड्याचा होता. कातडी मऊ करायला तेव्हा कुत्र्याची विष्ठा वापरीत. रोमने तिच्याऐवजी एक एन्झाइमयुक्त द्रव्य शोधले, आणि चर्मकारांनी त्याला दुवा दिला असेल! जुने वेड मात्र सुटले नव्हते. १९३० नंतरच्या वर्षांत त्या ॲक्रिलिकपासून न फुटणारी पारदर्शक काच निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धात ती विमानांच्या खिडक्यांना लागली. युद्ध संपल्यावर या चिकाला दुसरे काम शोधणे आले. न्यूयॉर्कचे रंग बनवणारे लेनर्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यापासून चित्रकारांसाठी 'मॅग्ना' नावाचा रंग केला. तो टर्पेंटाइनने पातळ होई. पाण्याने पातळ होणारे चित्रकारांचे ॲक्रिलिक, 'लिक्विटेक्स', ओहायोच्या सिनसिनाटी शहरात हेन्री लेव्हिसन यांनी १९५५ साली बाजारात आणले. पॉलॉकने अखेरची चित्रे केली तेच हे वर्ष. म्हणजे आज आपण दुकानातून जे ॲक्रिलिक आणतो त्याची आणि पॉलॉकची गाठ पडली असती, तरी ती दारातल्या नमस्कारापुरती.

या नव्या रंगाचे भाग्य दुसऱ्यांच्या हाती होते. हेलन फ्रँकेनथेलर ही तेवीस वर्षांची मुलगी पॉलॉकची चित्रे पाहून भारावली, आणि १९५२ च्या ऑक्टोबरात तिने तेलरंग टर्पेंटाइनने पाण्यासारखा पातळ करून जमिनीवरच्या कोऱ्या कापडात मुरू दिला. ही तार नव्हे, हे मुरणे. लोणच्याला खार सुटतो तसा रंग कापडात शिरला. पण तेल कोऱ्या कापडाला मानवत नाही. रंगाभोवती तेलाचे वलय पडते आणि सूत कालांतराने कुजते. मॉरिस लुई हा वॉशिंग्टनचा चित्रकार १९५३ साली तिचे ते चित्र पाहून घरी गेला आणि त्याने हाच प्रकार मॅग्नामध्ये केला. लुई पॉलॉकच्याच वयाचा, १९१२ चाच. याला कोठार नव्हते. बारा बाय चौदा फुटांची जेवणाची खोली, आणि चित्रे खोलीहून मोठी! त्याची बायको सकाळी नोकरीला जाई; तेवढ्या वेळात तो कापडाच्या घड्या घालून रंग ओघळवी, आणि ती परत येईपर्यंत सारे आवरून ठेवी. त्याला रंगवताना कोणी पाहिले नाही. १९६२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. बंद खोलीत वर्षानुवर्षे घेतलेल्या टर्पेंटाइनच्या वाफेला लोक त्याचा दोष देतात. पाण्याच्या ॲक्रिलिकला ही वाफ नाही. आमची नात गच्चीवर रंगवत होती हे ऐकून मला आता बरे वाटते.

आपल्याकडेही हा रंग त्याच वाऱ्याने आला. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातले, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा १९६२ साली बर्कली विद्यापीठात शिकवायला अमेरिकेला गेले. तिथली मोकळी चित्रे पाहून आले, आणि त्या दशकात तेलरंग सोडून ॲक्रिलिककडे वळले. रझांचे बिंदू घरोघरच्या दिनदर्शिकांवर पोचले आहेत, तेव्हा तो विषय इथे वाढवत नाही.

आता ती फसवणुकीची गोष्ट. पॉलॉकच्या चित्रांना अफाट किमती येऊ लागल्यावर, हे तर कोणीही करील, असे म्हणणाऱ्यांतल्या काहींनी खरोखरच करून पाहिले. न्यूयॉर्कमध्ये १८४६ पासून चालत आलेली नोडलर नावाची चित्रविक्रीची पेढी होती. एक बाई त्या पेढीला वर्षानुवर्षे पॉलॉक, रॉथको अशा थोरांची आजवर कोणी न पाहिलेली चित्रे आणून देत राहिली. ती सारी क्वीन्स भागात राहणारा एक चिनी चित्रकार थोड्याथोडक्या डॉलरांत काढीत होता. जुन्या बाजारातून कॅनव्हास आणायचे, चित्र उन्हातान्हात ठेवून पिकवायचे, अशी सगळी कला. त्यांतला एक 'पॉलॉक' २००७ साली १ कोटी ७० लाख डॉलरना गेला. घेणाऱ्याला पुढे शंका आली आणि त्याने रंग तपासून घेतले. त्यात पॉलॉकच्या हयातीत बाजारातच नसलेली द्रव्ये निघाली. २०११ साली १६५ वर्षांच्या त्या पेढीला टाळे लागले, आणि २०१३ साली चित्रे आणणाऱ्या बाईने गुन्हा कबूल केला. एकूण विक्री सुमारे ८ कोटी डॉलरची. यातले एक चित्र तर असे की त्यावरच्या सहीत पॉलॉकच्या इंग्रजी स्पेलिंगमधले 'सी' हे अक्षरच गाळलेले! ते वर्षानुवर्षे कोणाला खटकले नाही. माझ्या शाळेत चौथीतल्या मुलाचा अर्धा गुण गेला असता.

दुसऱ्या एका प्रकरणात वाद इतका काळापांढरा नाही. पॉलॉकचे स्नेही हर्बर्ट मॅटर यांच्या सामानातून त्यांच्या मुलाला २००२ साली बत्तीस लहान कामे सापडली. बांधणीवर पॉलॉकचे नाव होते. जाणकारांत दोन तट पडले. कोणी धारांचे वळण मोजले, कोणी पत्रव्यवहार काढला. शेवटी तीन चित्रे हार्वर्डच्या प्रयोगशाळेत गेली, आणि २००७ साली अहवाल आला की काही रंगद्रव्ये पॉलॉक वारल्यानंतर कित्येक वर्षांनी निघालेली आहेत. एक तांबडा तर १९८० च्या दशकातला. अहवाल लिहिणाऱ्यांचे प्रमुख होते नारायण खांडेकर. ते नाव वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. हे ऑस्ट्रेलियातून आलेले रसायनतज्ज्ञ. आडनावाखेरीज माझा त्यांच्यावर हक्क नाही. पण त्यांच्या अहवालातली एक गोष्ट मला इतिहासाची शिक्षिका म्हणून फार भावली. चित्रे कोणी काढली, हे त्यांनी सांगितले नाही. रंग कधीचा आहे, एवढेच सांगितले आणि ते थांबले. गेल्या भाऊबीजेला मला एवढे साधले असते तर!

यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधीच मी माहेरी गेले. वहिनीला म्हटले, पाक मी करते. नातीला मदतीला धाडा. ती आली, पण गप्प. मी तिला पाकाचा थेंब बोटांत धरायला दिला आणि तार दाखवली. मग विचारले, "तू तुझ्या रंगात काय घातलं होतंस गं? नुसत्या पाण्यानं तर धार तुटली असती."

ती एकदम म्हणाली, "तुटतच होती! आधी तीन कापडं वाया गेली, आत्याआजी. सगळे ठिपकेच पडायचे. मग मी फेविकॉल घातला. तरी गुंडाळ्या पडायच्या. मग हात वर धरून पळत पळत केलं."

मी गॅस बंद केला. तिला म्हटले, "त्या दिवशी मी जे बोलले ते न पाहता बोलले. माझं चुकलं."

ती काही बोलली नाही. पाकात रवा ढवळत राहिली. लाडू वळून झाल्यावर मी तिला चित्र खाली काढायला लावले आणि मागे पेन्सिलीने नाव, तारीख आणि रंगाची जात लिही म्हणून सांगितले. "रंगाची कशाला?" तिने विचारले. मी म्हटले, "पुढेमागे कोणी खांडेकर येतील, त्यांचं काम हलकं होईल." तिने नाव लिहिले, महिना आणि वर्ष लिहिले, खाली 'ॲक्रिलिक, पाणी, फेविकॉल' असे लिहिले, आणि थोडा विचार करून 'गच्ची' हा शब्द जोडला.

चित्र परत खिळ्याला लावले. माझा भाऊ आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. वर्षभरात या चित्राविषयी तो बरे-वाईट एक अक्षर बोललेला नव्हता. त्याने चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाला, "उलटं लावलंत. ती पिवळी मोठी धार खाली उजवीकडे असते."

नातीने जवळ जाऊन पाहिले. "हो गं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी ते फिरवून लावले.